टोमॅटोच्या आधाराला रोवलेली काठी

मित्रांनो, मी एक जुनी तुती आहे. कपडे धुण्याच्या घराच्या मागच्या अंगणात, नळापासून थोडी दूर, भिंतीला पाठ लावून मी उभी आहे. माझी साल आता भेगाळली आहे. एका अंगाला माझ्या फांद्या लांब पसरल्या आहेत आणि दुसऱ्या अंगाला नुसत्या गाठी आहेत. नवखं माणूस त्या गाठींकडे बघून हळहळतं. तुम्ही हळहळू नका. ती बाजू कशी गेली आणि ही बाजू कशी राहिली, तेच मी सांगणार आहे.

खरं सांगायचं तर मला कुणी लावलंच नाही. मी काठी होते. कुणाच्या तरी कुंपणावरून छाटलेली, पानं ओरबाडलेली, अंगठ्याएवढी जाड काठी. या घरातल्या आत्याने मला उचलून आणलं आणि टोमॅटोच्या रोपाला आधार म्हणून मातीत खुपसलं. माझ्याकडे तिने धड पाहिलंही नाही. तिचं सगळं लक्ष टोमॅटोवर होतं.

आत्या ही दवाखान्यातली निवृत्त परिचारिका. लग्न केलं नाही, आयुष्य रुग्णांच्या उशाशी गेलं, आणि निवृत्त झाल्यावर थोरल्या भावाच्या घरी राहायला आली. गल्लीतली मुलं तिला आत्या म्हणायची, म्हणून मीही म्हणते. तिला झाडांची हौस फार. पण तिच्या हाताखाली एक झाड जगेल तर शपथ! सकाळी पाणी, दुपारी पाणी, संध्याकाळी पाणी. मधे मधे पानाला हात लावून ताप बघितल्यासारखं बघायची. मुळं हलली का म्हणून माती उकरायची. टोमॅटोचं रोप बिचारं त्या मायेखाली कुजून गेलं. त्यानंतर मिरची गेली, गुलाब गेला, कोरफडसुद्धा गेली.

"वन्सं, तुमच्या हाताखालचे पेशंट जगले तरी कसे?" वहिनी विचारायची. वहिनी म्हणजे आत्याच्या भावाची बायको. ती आत्याला वन्सं म्हणे, आणि चिडली तरी वन्संच म्हणे.

"पेशंट सांगायचे तरी, बाई, आता पुरे म्हणून," आत्या म्हणायची. "ही मुकी जात. कळणार कसं?"

एवढ्या सगळ्या गडबडीत जगले ती मी. कारण माझी काळजी कुणी घेतलीच नाही. ओल्या मातीत मी गुपचूप मूळ सोडलं आणि एक दिवस माझ्या डोळ्यातून हिरवा कोंब बाहेर आला. आत्याने तो पाहिला आणि पाण्याची झारी घेऊन धावली. वहिनीने तिचा हात धरला. "हिच्या वाटेला जाऊ नका. चुकून जगलीय, जगू द्या." त्या एका वाक्याचे उपकार मी अजून विसरलेले नाही.

मी झरझर वाढले. मला खत लागलं नाही, औषध लागलं नाही, पहिल्या वर्षानंतर पाणीही कुणी घातलं नाही. पाखरं माझ्याकडे आपणहून आली. आधी शिंपी आला, पानांमागच्या अळ्या वेचायला. मग साळुंक्या आल्या, भांडत आल्या आणि भांडतच राहिल्या. फळ धरल्यावर कोकीळ आला, तांबट आला, आणि डोक्यावर शेंडी मिरवत बुलबुलांची जोडी आली. कुंपणाशी एक टणटणी माजली होती, तिलाही कुणी लावलं नव्हतं. तिची बारीक काळी फळं खाऊन पाखरं तोंड पुसायला माझ्याकडे येत. आम्ही दोघींनी मिळून त्या अंगणाची खाणावळ चालवली म्हणा ना.

तेव्हा माझं कौतुकही होतं. वहिनी ओच्यात तुतं घेऊन दारात बसायची आणि खाता खाता जीभ बाहेर काढून आत्याला दाखवायची. दोघींच्या जिभा जांभळ्या व्हायच्या आणि दोघी मुलींसारख्या हसायच्या. दादा, म्हणजे आत्याचा भाऊ, कामावरून आला की माझ्या सावलीत पाय पसरून बसायचा.

मग दादाचा कारखाना बंद पडला. घरात बोलणं कमी झालं. वहिनीच्या अंगात काम करायची रग होती आणि आत्याची दवाखान्यात ओळख होती. आत्या मेट्रनबाईंना भेटून आली, स्वतःच्या नावावर शब्द टाकून आली, आणि दवाखान्याच्या चादरी धुण्याचं काम या घरात आलं. अंगणात मोठा हंडा चढला. दादा हातगाडीवरून गाठोडी आणू-पोचवू लागला. चादरी वाळत घालायला दोऱ्या लागतात. त्यांचं एक टोक घराच्या भिंतीतल्या कड्यांना बांधलं आणि दुसरं माझ्या खोडाला. मी पुन्हा आधाराची काठी झाले, आणि मला त्याचं फार समाधान वाटलं. ओल्या चादरींचं ओझं मी खुशीने पेलत होते.

ते समाधान माझी फळं पिकेपर्यंत टिकलं.

मित्रांनो, तुती खाल्लेलं पाखरू जे खाली टाकतं, ते जांभळं असतं. आणि दवाखान्याची चादर पांढरी असते. पुढचं तुम्हीच समजा. वहिनीने डाग उकळून पाहिले, घासून पाहिले, उन्हात ठेवून पाहिले. डाग फिका होई, जात नसे. पहिलं गाठोडं परत आलं तेव्हा तिने ते पुन्हा हंड्यात टाकलं. दुसरं परत आलं तेव्हा तिने गाठ सोडली, चादर झटकून माझ्यासमोर धरली आणि माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला चांगली कळली.

"वन्सं, झाड काढायचं," ती म्हणाली.

"अहो वहिनी, तुतं काय वर्षभर असतात का? एवढा बहर जाऊ द्या."

"बहर जाईपर्यंत काम जाईल. मेट्रनबाईंनी काय सांगितलं तुमच्या दादांना? आता एक डाग दिसला तरी काम दुसरीकडे. मग खायचं काय? तुतं?"

आत्याचा चेहरा पडला. काम गेलं असतं तर तिचा शब्दही गेला असता, आणि जन्मभर जपलेलं तिचं तेवढंच होतं. वहिनीचं चूक होतं असं मी म्हणणार नाही. तिची बोटं साबणाच्या पाण्याने सुरकुतून पांढरी झाली होती. त्या बोटांनी धुतलेल्या चादरींवर मी डाग पाडत होते. पण मला मरायचं नव्हतं. शिवाय माझ्यापाशी एक गुपित होतं आणि ते मला सांगता येत नव्हतं.

माझ्या भिंतीकडच्या फांदीत, पानांच्या दाटीत, त्या बुलबुलांच्या जोडीने वाटीएवढं घरटं बांधलं होतं. त्यात तीन पिल्लं होती. नुकतेच डोळे उघडलेली, अंगावर धड पिसं नाहीत, नुसती उघडी लाल तोंडं. घरातल्या कुणालाही त्यांचा पत्ता नव्हता. करवत आली तर मी आणि ती पिल्लं एकदमच जाणार होतो.

आत्याने रात्रभर काय विचार केला कोण जाणे. सकाळी उजाडताच ती अंगणात आली ती जुन्या मच्छरदाण्यांचा गठ्ठा घेऊन. दवाखान्याने टाकून दिलेल्या मच्छरदाण्या तिने एकमेकींना शिवल्या होत्या. स्टूल लावून, हाशहुश करत, तिने त्या माझ्या अंगावरून पांघरल्या. मी तेव्हा फार उंच नव्हते, छत्रीसारखी पसरट होते, त्यामुळे मी पुरती झाकली गेले. खाली कडा गोळा करून तिने खोडाभोवती पट्टीने करकचून आवळल्या. हाडाला बांधतात तशी पट्टी, गाठीवर गाठ. सगळीकडून हात फिरवून पाहिलं. कुठेही फट राहिली नाही.

"आता कशी खातील तुतं?" ती माझ्या खोडावर थाप मारून म्हणाली. "खाल्लीच नाहीत तर डाग कुठून पडतील? तू काळजी करू नकोस हं."

माझ्या पानापानांत कापरं भरलं. बुलबुलांची जोडी त्या वेळी चारा आणायला गेली होती. पिल्लं जाळीच्या आत होती आणि आईबाप बाहेर. ज्या बाईने प्रेमाने सगळी झाडं मारली, ती आता प्रेमानेच ही तीन पिल्लं मारणार होती. आणि तिला ते सांगायला माझ्याजवळ तोंड नव्हतं. मी पानं सळसळवली. तिला वाटलं, वारा सुटला. ती समाधानाने आत गेली आणि दादाबरोबर हातगाडीमागून दवाखान्याकडे निघाली, मेट्रनबाईंची मनधरणी करायला.

ती कोपऱ्यावरून वळली मात्र, वहिनी दारात आली. शेजारच्या मुलीला तिने हाक मारली आणि झाडं तोडणाऱ्याला निरोप पाठवला, आज दुपारीच ये म्हणून. वन्सं घरात नसताना झाड पडलं तर रडारड तरी टळेल, असा तिचा हिशेब. जाळीकडे पाहून तिने कपाळावर हात मारला. "काय हा वेडेपणा! झाडाला मच्छरदाणी!" मग ती आत जाऊन इस्त्री करायला लागली.

ऊन वाढलं. नर आधी आला, चोचीत अळी धरून. नेहमीच्या फांदीकडे झेपावला आणि जाळीवर आपटला. पुन्हा आला, पुन्हा आपटला. मग मादी आली. दोघं माझ्याभोवती गरगर फिरत ओरडू लागली. आत पिल्लांनी आवाज ओळखला. तिघांनी माना वर केल्या, तोंडं उघडली आणि वाट बघत राहिली. अळी बाहेर, भूक आत, आणि मधे एवढीशी झिरझिरीत जाळी. मी फांद्या ताणल्या, वाऱ्याबरोबर जाळी फाटेल का म्हणून अंग हिसडलं. पण आत्याने टाका पक्का घातला होता.

मादी मग वेड्यासारखी करू लागली. दोन मच्छरदाण्या जिथे जोडल्या होत्या तिथे एक सैल घडी होती, त्या घडीत तिने डोकं खुपसलं. एक पंख आत गेला, नखं जाळीच्या दोऱ्यात अडकली, आणि ती तिथेच उलटी लोंबकळायला लागली. जितकी धडपडे तितकी गुरफटे. नराचा आरडाओरडा ऐकून साळुंक्या जमल्या, शिंपी आला, सगळं अंगण कलकलाटाने भरून गेलं. आणि कुंपणावर, टणटणीच्या आडून, शेजारचं मांजर येऊन बसलं. त्याला काही घाई नव्हती.

पिल्लांचा आवाज बारीक होत चालला. एकाने मान खाली टाकली. माझा जीव अगदी टांगणीला लागला होता. उरलेल्या दोघांकडे बघायचंही मला धाडस होईना.

घरात वहिनी इस्त्री फिरवत होती. मला उघड्या खिडकीतून तिचा हात दिसत होता. कलकलाट वाढला तसा तिचा हात थांबला. "मेली परत आली का तुतं खायला!" असं ओरडत ती कपडे ढवळायचं दांडकं घेऊन बाहेर धावली. आधी तिला मांजर दिसलं. मग तिची नजर मांजराच्या नजरेमागून वर गेली आणि तिला लोंबकळणारी मादी दिसली.

वहिनी क्षणभर जागच्या जागी उभी राहिली. दांडकं अजून हातात उगारलेलंच होतं. त्या क्षणी तिला पाठ फिरवता आली असती, मित्रांनो. डाग पाडणारं एक पाखरू कमी झालं असतं, आणि कुणी तिला बोल लावला नसता. तिने दांडकं मांजराच्या दिशेने भिरकावलं.

मग स्टूल, मग कमरेच्या गाठीला अडकवलेली छोटी कात्री. "अगं, हलू नकोस, हलू नकोस. मी काय खाते का तुला?" असं पुटपुटत तिने एका सुरकुतल्या मुठीत ती मादी धरली आणि दुसऱ्या हाताने नखाभोवतीचा एकेक दोरा कापला. मादीने तिचं बोट कडकडून चावलं. वहिनीने मूठ सोडली नाही. शेवटचा दोरा तुटला, मादी उडाली, आणि उडता उडता वहिनीच्या पांढऱ्या बाहीवर जांभळा शिंतोडा उडवून गेली.

"घ्या! उपकाराची फेड!" वहिनी म्हणाली. पण मादी लांब गेली नव्हती. ती फाटलेल्या जागेतून सरळ आत घुसली. ती कुठे जाते म्हणून वहिनीने पानं बाजूला केली आणि तिला घरटं दिसलं.

मग कात्री घेऊन तिने आत्याची ती शिवण वरपासून खालपर्यंत टराटरा फाडली, आणि गाठी सुटेनात तेव्हा पट्टी दातांनी ओढली. जाळी खाली पडली. नर आत आला. दोन पिल्लांनी तोंडं उघडली. तिसऱ्याने उघडलं नाही. नराने अळी त्याच्या चोचीला लावली, थांबला, पुन्हा लावली. वहिनी श्वास रोखून उभी होती आणि मीही एक पान हलवलं नाही. शेवटी त्या चिमुकल्याने मान उचलली आणि आ केला.

"खा रे बाबा, खा," वहिनी म्हणाली आणि पदराने डोळे पुसले.

तेवढ्यात तिच्या नाकात करपट वास गेला. इस्त्री! ती आत धावली. खिडकीतून मला दिसलं, तिने चादर उचलून धरली होती आणि चादरीच्या मधोमध इस्त्रीच्या आकाराचा तपकिरी डाग उमटला होता. त्या डागात माझा किंवा पाखरांचा काडीचाही हात नव्हता.

नेमका त्याच वेळी करवतवाला फाटकातून आत आला. खांद्यावर करवत, हातात दोरखंड. "ताई, हेच ना झाड?" त्याने माझ्या खोडावर हात ठेवला. तो हात करवतीपेक्षा खरखरीत होता.

वहिनी करपलेली चादर हातात घेऊन दारात आली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. पिल्लं वाचली होती, पण चादरींचा प्रश्न होता तसाच होता. उलट आता डागाची एक चादर वाढली होती.

"हेच," ती म्हणाली. "पण आज नाही."

"मग बोलावलंत कशाला?"

"चहा प्यायला. बसा."

करवतवाला कुरकुरत पायरीवर टेकला. चहा होईपर्यंत आत्या आणि दादा परतले. अंगणात फाटकी जाळी, पायरीवर करवत, आणि वहिनीच्या हातात डाग पडलेली चादर, एवढं पाहून आत्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"वहिनी, मेट्रनबाईंनी अजून एक गाठोडं बघते म्हणून सांगितलं हो! शेवटचं. आणि हा डाग... पाखरं आत शिरली का? मी तर एवढं घट्ट बांधलं होतं!"

"हा डाग माझा आहे, वन्सं," वहिनी म्हणाली. "आणि तुम्ही इकडे या. बघा, कुणाला कोंडून गेला होतात."

आत्याने पानांआड पाहिलं. "अगं बाई! मी काय करून बसले!" म्हणत ती स्टुलावरच बसली. मग डोळे पुसले आणि लगेच उठली. "ड्रॉपर आणते. पाणी पाजायला हवं त्यांना."

"वन्सं!" वहिनी एवढ्या मोठ्याने ओरडली की साळुंक्या उडाल्या. "त्यांना त्यांचे आईबाप आहेत. तुम्ही फक्त हात मागे घ्या."

आत्याने हात मागे घेतले. मला वाटतं, आयुष्यात तेव्हा पहिल्यांदाच घेतले असतील.

मार्ग सापडला तो त्या करपलेल्या चादरीत. चहा पिता पिता दादा ती उन्हाला धरून बघत होता. "झाडावर जाळी घालण्यापेक्षा हीच दोऱ्यांच्या वर ताणली तर?" तो म्हणाला. "डागाच्या चादरी वर, धुतलेल्या खाली." परत आलेल्या जांभळ्या चादरी घरात पडूनच होत्या. पण त्या ताणायच्या कशावर? उंच खांब हवे होते. वहिनीने माझ्या दोऱ्यांकडच्या फांद्यांकडे पाहिलं.

पिल्लं उडून जाईपर्यंत करवतीचं काम पुढे ढकललं. ते दिवस आत्याने स्वयंपाकघराच्या खिडकीआडून काढले, दाराबाहेर पाऊल न टाकता. ओली चादर दोरीवर टाकली की वहिनी दोन्ही हातांनी जांभळी चादर वर धरून उभी राहायची आणि दादा खालची वाळवायला फडफडवायचा. असं ते शेवटचं गाठोडं गेलं. दादा रिकामी गाडी घेऊन येतो की नवीन गाठोडं, हे गाडीच्या चाकांच्या आवाजावरून ओळखायला सगळं घर फाटकाशी कान लावून होतं. गाडी जड आवाज करत आली.

मग एका सकाळी तिसरं पिल्लू, ते मान टाकलेलं, फांदीच्या टोकाला आलं, धपकन टणटणीत पडलं, आणि तिथून उडालं. त्या दिवशी दुपारी करवत चालली. दोऱ्यांकडची माझी सगळी बाजू गेली. दुखलं. खोटं कशाला बोलू? पण भिंतीकडच्या बाजूला कुणी हात लावला नाही. कापलेल्या फांद्यांतून चार सरळ दांडे निवडून, पानं ओरबाडून, वहिनीने ते स्वतःच्या हाताने अंगणाच्या चार कोपऱ्यांत ठोकले आणि त्यांच्यावर डागाळलेल्या चादरींचं छत ताणलं.

मित्रांनो, तुमच्या दाराशी वीतभर माती असेल तर माझ्यासारखं एखादं झाड लावा. तुती लावा, नाहीतर जास्वंदीची फांदी खोचा, शिंजीर पाखरू आपणहून येईल. आम्हाला तुमच्याकडून फार काही नको असतं. मुळं धरेपर्यंत थोडं पाणी घाला आणि मग आम्हाला जगू द्या. औषध मारू नका. आणि आमच्यावर जाळी टाकण्याआधी किंवा करवत चालवण्याआधी एकदा पानं बाजूला करून आत बघा. आमची एवढीच काळजी पुरते, पण तेवढी मात्र नक्की घ्या.

आता त्या चार दांड्यांचं ऐका. थोडे दिवस गेले आणि चारही खांबांना हिरवे कोंब फुटले. ते आधी मला दिसले. मग वहिनीला दिसले. ती हातातली ओली चादर तशीच धरून एका खांबाकडून दुसऱ्याकडे गेली, चौथ्यापाशी थांबली आणि माझ्याकडे वळून पाहिलं. एका तुतीने तिला एवढं छळलं होतं, आणि आता तिने स्वतःच्या हाताने चार लावल्या होत्या. हातोडी पायाशीच पडलेली होती. खांब उपटायला तिला फार वेळ लागला नसता, आणि मी पुन्हा एकदा पान न हलवता उभी राहिले.

इतक्यात मागून पावलं वाजली. आत्याने कोंब पाहिले होते आणि ती काठोकाठ भरलेली झारी घेऊन लगबगीने येत होती.

वहिनी दोन्ही हात पसरून खांबापुढे उभी राहिली.

"वन्सं, खबरदार पाणी घातलंत तर! जगवायचीत मला ती."